थकलेलं बिल: कोर्ट की परिषद?
कुपवाड एमआयडीसीतल्या छोट्या कारखानदाराचं बिल बड्या कंपनीनं थकवलं, तर वाटा दोन. कोर्टात जायचं, तर 3 लाखांपासून पुढच्या व्यापारी दाव्याला आधी मध्यस्थी. 2022 च्या सुप्रीम कोर्टाच्या 'पाटील ऑटोमेशन' निकालानं ती सक्तीची ठरवली. (तातडीचा मनाई हुकूम हवा असेल तर सूट.) मग तारखांवर तारखा.

दुसरी वाट 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यातली: थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या सूक्ष्म-लघु उद्योग सुविधा परिषदेची. बिल चुकवण्याची जास्तीत जास्त 45 दिवसांची मुदत उलटली की रिझर्व्ह बँकेच्या 'बँक दरा'च्या तिप्पट चक्रवाढ व्याज. शिवाय परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर कंपनीनं आधी 75 टक्के रक्कम भरायची. खरा चिमटा तोच! करारात लवादाचं कलम असलं तरी परिषदेचं दार उघडं, हे 'महाकाली फूड्स' खटल्यात ठरलं. मात्र माल दिल्यावर केलेली लघु उद्योग म्हणून नोंदणी त्या मालाला लागू नाही, हेही त्याच निकालात आहे.