परवाना सोपा करावा की कर माफ करावा?

सोलापुरात धंदा वाढवायचा तर महापालिकेच्या हातात दोन दोऱ्या. पहिली परवान्याची. 1949 च्या महापालिका अधिनियमातलं कलम 376 ठरावीक धंद्यांना परवाना सक्तीचा करतं. शुल्क जाचत नाही, हेलपाटे जाचतात. शेंगाचटणीचा छोटा कारखाना काढणाऱ्या बाईंचा अख्खा दिवस एका सहीपायी जातो. घरी भाजलेले शेंगदाणे तसेच पडून.

दुसरी दोरी करसवलतीच्या कराराची: इतक्या जणांना काम द्या, इतकी वर्षं मालमत्ता करात सूट घ्या. ऐकायला गोड. पण जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर (एलबीटी) 2015 मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला, 2017 ला जीएसटी आला. पालिकेच्या हक्काच्या उत्पन्नात मालमत्ता कर हाच मोठा आधार. तोच सोडायचा, तर नळाला पाणी रोज कुठून येणार? शिवाय कामगार खरंच लावले का, हे मोजणार कोण? हजेरीपटावर काय, नावं कितीही चढतात!

शहराच्या पूर्व भागात घरातच चार माग चालवणाऱ्या विणकराला असा करार कुणी देणार नाही. त्याला परवान्याचं सोपं नूतनीकरणच कामाचं. माझं मत पहिल्या दोरीला. करार करायचाच तर सूट आधी नको, कामगारांच्या पीएफच्या पावत्या बघून वर्षाअखेरीस द्यावी.