तीन वर्षांनी: १०×४२ दुर्बीण आणि नदीचं एक वळण

दुकानात दुर्बीण हातात आली की आपण लांबची पाटी वाचून बघतो. मीही तेच केलं आणि आठपटीची बाजूला ठेवून दहापटीची घेतली. पहिल्या हिवाळ्यात निवड अचूक वाटली. नदीच्या ज्या वळणावर मी दर पंधरवड्याला पक्षी मोजतो, तिथे तेव्हा उघडं पाणी होतं. थापट्याची फावड्यासारखी चोच, तलवार बदकाची टोकदार शेपटी, वारकऱ्याच्या कपाळावरचा पांढरा टिळा, सगळं काठावर बसून स्वच्छ दिसायचं. तेव्हाच पाच स्टार देऊन मोकळा होणार होतो. आळस केला ते बरं झालं.

दुसऱ्या वर्षी वळणाच्या आतल्या बाजूला गाळ साचला आणि पाणकणीस, म्हणजे उथळ पाण्यात दाट वाढणारी उंच पाणवनस्पती, पुढे सरकलं. बदकं पांगली, जांभळ्या पाणकोंबड्या आणि वटवटे वाढले. पक्षी आता वीस पावलांवर, पण माझी दुर्बीण तिथेच आंधळी. हजार मीटरवर तिच्यात जेमतेम ११० मीटर रुंदीचा पट्टा मावतो, आठपटीच्या चांगल्या दुर्बिणीत १३०-१४० मावतो. पान हललं म्हणून तिकडे वळावं, तर वटवट्या कधीच आत गेलेला. त्यात उजेडाचं गणित: ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास, त्याला १० पटींनी भागा, डोळ्यापर्यंत ४.२ मिलिमीटरचा प्रकाशझोत येतो. आठपटीत तो ५.२५. भर उन्हात हा फरक जाणवत नाही. पण पाणकणसातली वर्दळ असते झुंजुमुंजू, आणि तेव्हा मला नुसत्या सावल्या दिसायच्या. शेवटी दुर्बीण गळ्यात लोंबकळत ठेवून कानांनीच मोजायला लागलो.

बांधणीबद्दल तक्रार नाही. आत नायट्रोजन भरलेला असल्याने धुक्यातही आतून काच धूसर होत नाही. डोळ्यांकडची रबरी कडी खाली फिरवली की चष्म्यासकट पूर्ण वर्तुळ दिसतं. पट्टा मात्र मानेला काचतो, तो पहिल्या महिन्यातच बदलला.

तिसऱ्या पावसाळ्यात पूर आला आणि पाणकणीस मुळासकट उपटून घेऊन गेला. पाणी ओसरल्यावर उरला लांबच लांब चिखल. महिन्याभरात शेकाटे, चिखले, टिलवे हजर. शेकाट्या गुलाबी पायांवरून कुठूनही ओळखू येतो. टिलव्यांच्या घोळक्यात वेगळा कोणी मिसळलाय का, हे या दुर्बिणीच्या आवाक्याबाहेर आहे. ऊन चढलं की चिखलावरची हवा थरथरते आणि पटींबरोबर ती थरथरही मोठी होते. त्यामुळे जास्त पटींची दुर्बीण हा इथे इलाज नाही. तिपाईवरचा स्कोप, म्हणजे एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण हवी, तीही सकाळी लवकर.

थोडक्यात, उघड्या पाण्याला पाच स्टार, चिखलाला तीन, पाणकणसाला दोन. दुर्बीण तीच, जागाही तीच.

एका गोष्टीने मात्र मला बरेच दिवस छळलं. दुसऱ्या वर्षी वहीतली एकूण संख्या घसरली, ती पक्षी खरंच घटले म्हणून, की ते पाणकणसात दडले म्हणून? उघड्यावरची बदकं बहुतेक सगळी मोजली जातात, झाडोऱ्यातले पक्षी अर्धेमुर्धेच. त्यात मधेच नवं साधन आणलं असतं, तर तिसऱ्या वर्षाचे आकडे वाढले ते पुरामुळे की भिंगामुळे, हेही कळलं नसतं. म्हणून सवलतीच्या जाहिराती बघूनही दुर्बीण बदलली नाही. नुकतीच सुरुवात करत असाल तर आठपटीची घ्या, आणि एकदा मोजणी सुरू केली की तिलाच चिकटून राहा.

यंदा एका मित्राचा स्कोप मिळालाय. आधी नेहमीसारखं दुर्बिणीने मोजतो, आकडे लिहितो, मग स्कोप लावतो. त्याचे आकडे वेगळ्या रकान्यात, लाल शाईने.