ॲक्टब्लू: प्रायमरीतल्या बाईंसाठी डॉलरची मनीऑर्डर

अमेरिकेत पक्षाचं तिकीट हायकमांडच्या बंगल्यावर चकरा मारून मिळत नाही. ते आधी मतदारांकडून जिंकावं लागतं, आणि त्या फेरीचं नाव प्रायमरी. म्हणजे एकाच पक्षाचे दोन, तीन, कधी सहा उमेदवार एकमेकांविरुद्ध उभे. अशा फुटलेल्या प्रायमरीत डेमोक्रॅटिक पक्षातल्या एखाद्या बाईंच्या मागे उभं राहायचं ठरवलं, की तिसऱ्या मिनिटाला पैशाचा विषय निघतो, आणि पैसा बहुतेक वेळा ॲक्टब्लूच्या फॉर्मवरूनच जातो. २००४ साली मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू झालेली, ऑनलाइन देणग्या पोचवणारी ही ना-नफा संस्था. हे परीक्षण तिचंच, अमेरिकेत राहणाऱ्या मराठी देणगीदाराला उपयोगी पडेल अशा बेताने.

निकाल आधीच सांगून टाकू: पैसे पोचवण्याच्या कामात पाचापैकी साडेचार, सावधपणे न वापरणाऱ्याला सांभाळून घेण्यात अडीच. ॲक्टब्लू हा मनीऑर्डर नेणारा पोस्टमन आहे. पत्ता तुम्ही लिहायचा, तो रक्कम नेऊन देणार. समोरची बाई बरोबर की तिच्या विरोधात उभा असलेला जुना खासदार बरोबर, हे तो बघत नाही. दोघांचेही फॉर्म त्याच साइटवर असू शकतात. पक्ष दुभंगलेला असताना हा तटस्थपणा फार मोलाचा, कारण पक्षाची स्वतःची यंत्रणा तटस्थ नसते.

आधी हिशेब. प्रत्येक देणगीमागे ३.९५ टक्के प्रक्रिया शुल्क कापलं जातं. २० डॉलर दिले तर ७९ सेंट जातात आणि प्रचाराच्या हातात १९.२१ पडतात. मर्यादेत मात्र पूर्ण २० मोजले जातात. शेवटी ॲक्टब्लूसाठी ‘टिप’ मागतात, ती ऐच्छिक आहे. टिप उमेदवाराला जात नाही. त्यांचं काम आवडलं तर द्या, पण हात आखडता असेल तर पहिला काट इथे मारावा. या देणगीवर आयकरात सूट नाही, हेही लक्षात असू द्या. देवळाच्या देणगीसारखी पावती जपून एप्रिलमध्ये सीएला देण्यात अर्थ नाही.

फॉर्मवर खरी नजर तीन ठिकाणी हवी. पहिली, अगदी तळाशी, बारीक अक्षरात: खर्च कुणी केलाय आणि पैसे कुणाला जाणार, ते तिथे छापलेलं असतं. मेलच्या विषयात बाईंचं नाव, वर त्यांचा फोटो, आणि तळाशी भलत्याच कमिटीचं नाव, असे मेल निवडणुकीच्या हंगामात येतातच. दुसरी जागा म्हणजे वाटणी. एकाच पानावर चार उमेदवार असले आणि तुम्ही नुसतं ५० डॉलरचं बटण दाबलं, तर रक्कम सारखी वाटली जाते, म्हणजे तुमच्या बाईंना साडेबाराच. प्रत्येक नावापुढे वेगळी रक्कम टाकायची सोय असते. ती उघडून बाकीच्यांपुढे शून्य लिहायचं. तिसरी जागा दरमहाची खूण. ‘एकदाच’ आणि ‘दर महिन्याला’ यातलं काय निवडलंय ते पैसे पाठवायच्या बटणावर बोट ठेवण्याआधी पुन्हा वाचा.

चौथी अडचण फॉर्मवर दिसतच नाही, कारण फॉर्म उघडतच नाही. ‘एक्सप्रेस’ खात्यात कार्ड साठवलं असेल, तर मेलमधल्या काही लिंक थेट देणगीच्या असतात. दाबली की पैसे गेले. मेलमध्ये तसं लिहिलेलं असतं, पण सकाळी चहाचा कप हातात धरून अंगठ्याने स्क्रोल करणारा माणूस ते वाचत नाही. घरात एकाच आयपॅडवर सगळ्यांचे मेल उघडत असतील तर कार्ड न साठवलेलं बरं.

आता मुद्द्याचं: प्रायमरीचं गणित. फेडरल निवडणुकीत, म्हणजे हाऊस (काँग्रेसचं खालचं सभागृह), सिनेट आणि राष्ट्राध्यक्षपदासाठी, एका माणसाने एका उमेदवाराला ‘दर निवडणुकीला’ किती द्यायचं याला मर्यादा आहे. २०२५-२६ साठी ती ३,५०० डॉलर आहे. प्रायमरी ही एक निवडणूक, नोव्हेंबरची ही दुसरी, आणि काही राज्यांत मधे रनऑफ, म्हणजे पहिल्या दोघांतली फेरलढत, लागला तर ती तिसरी. प्रत्येकीचा डबा वेगळा. ॲक्टब्लू हे समजावून सांगत नाही.

टेक्सासच्या २८ व्या मतदारसंघाचं २०२२ चं उदाहरण घ्या. लारेडोपासून सॅन अँटोनियोपर्यंत पसरलेला हा भाग. जुने खासदार हेन्री क्वेयार यांच्या विरोधात लारेडोच्याच वकील जेसिका सिस्नेरोस. सभापती नॅन्सी पेलोसी क्वेयार यांच्या बाजूने, तर सिनेटर बर्नी सँडर्स आणि एलिझाबेथ वॉरन सिस्नेरोस यांच्या. यापेक्षा फुटलेला पक्ष शोधून सापडणार नाही. १ मार्चला तिघांच्या लढतीत कुणालाच ५० टक्के मिळाले नाहीत. टेक्सासच्या नियमाप्रमाणे पहिल्या दोघांत २४ मे रोजी रनऑफ झाला, आणि फेरमोजणीनंतर सिस्नेरोस २८९ मतांनी हरल्या. त्या वर्षी मर्यादा २,९०० होती. मार्चच्या आत २,९०० देऊन ‘आपलं झालं’ म्हणून बसलेल्या देणगीदाराला रनऑफसाठी आणखी २,९०० द्यायची मुभा होती, कारण रनऑफचा डबा रिकामाच होता. उलट, ज्यांनी उत्साहात नोव्हेंबरसाठीचेही पैसे आगाऊ दिले, त्यांचा तो डबा प्रायमरीत उघडता येत नाही. उमेदवार हरला तर ती रक्कम ६० दिवसांत परत करावी लागते किंवा देणगीदाराच्या संमतीने दुसरीकडे वळवावी लागते. चुरशीच्या लढतीत पैसे आत्ता लागतात, बंद डब्यातले नाही. म्हणून रक्कम मोठी असेल तर ती कोणत्या निवडणुकीच्या नावावर पडतेय ते प्रचार कार्यालयाला विचारून घ्यावं.

मर्यादेचा दुसरा फटका २००८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीत दिसला. हिलरी क्लिंटन यांच्या मोठ्या देणगीदारांपैकी बरेच जण तेव्हाच्या २,३०० डॉलरच्या मर्यादेला टेकले होते, त्यांच्याकडून आणखी एक डॉलरही घेता येत नव्हता. जानेवारीत त्यांनी स्वतःच्या प्रचाराला ५० लाख डॉलर कर्जाऊ दिले. ओबामांकडे पंचवीस-पन्नास डॉलरवाल्यांची फौज होती, आणि तीच माणसं महिन्याला परत परत देऊ शकत होती. महिन्याला २० डॉलर देणारी पाचशे माणसं म्हणजे महिन्याला १०,००० डॉलर, आणि मर्यादेला टेकायला त्यांना कित्येक वर्षं लागतील. ॲक्टब्लूची ताकद या छोट्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या रकमांत आहे.

उमेदवाराच्या स्वतःच्या खात्यात पैसे का द्यायचे, बाहेरच्या एखाद्या पॅकला (निवडणुकीसाठी पैसा जमवून खर्च करणाऱ्या गटाला) का नाही, याचं उत्तर टीव्हीच्या दरपत्रकात आहे. प्रायमरीआधीच्या ४५ दिवसांत स्टेशनांना उमेदवाराच्या जाहिरातीला त्या वेळेचा सगळ्यात कमी दर लावावा लागतो. बाहेरच्या गटांना ही सवलत नाही. तोच डॉलर बाईंच्या खात्यातून जास्त सेकंद विकत घेतो.

पक्षाच्या कमिट्यांना देणं तर या कामात चक्क उलटं पडू शकतं. हाऊसच्या निवडणुका लढवणारी डेमोक्रॅटिक कमिटी सहसा विद्यमान खासदाराच्या पाठीशी असते. २०१९ मध्ये तिने, विद्यमान खासदारांना आव्हान देणाऱ्यांसाठी काम करणाऱ्या कंपन्यांना आपलं काम न देण्याचं धोरणच जाहीर केलं होतं, ते २०२१ मध्ये मागे घेतलं. नवख्या बाईंसाठी म्हणून पक्षाला पैसे दिले, तर तुम्ही त्यांच्या प्रतिस्पर्ध्याचं पीठ मळून देताय.

पर्याय म्हणून एमिलीज लिस्टचं नाव हमखास निघतं. १९८५ मध्ये एलन माल्कम यांनी सुरू केलेली ही संस्था फक्त गर्भपाताच्या हक्काला पाठिंबा देणाऱ्या डेमोक्रॅट बायकांमागे उभी राहते. नावातच सूत्र आहे, एमिली ही ‘अर्ली मनी इज लाइक यीस्ट’ची आद्याक्षरं: सुरुवातीचा पैसा यीस्टसारखा. आपल्याकडे विरजण म्हणा, चमचाभरच, पण रात्रीच लागलं पाहिजे. १९८६ च्या मेरीलँडच्या सिनेट प्रायमरीत बार्बरा मिकुल्स्की यांच्यासमोर एक खासदार आणि एक गव्हर्नर होते. तिथे हे विरजण वेळेवर लागलं आणि त्या जिंकल्या. सिस्नेरोस यांनाही या संस्थेचा पाठिंबा होता. पण एकाच लढतीत बायकाच अनेक असल्या की ही संस्था थांबून राहते. २०२० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीत सहा बायका होत्या. वॉरन यांना पाठिंबा जाहीर झाला २ मार्चला, सुपर ट्यूसडेच्या, म्हणजे अनेक राज्यांत एकदम मतदान होतं त्या मंगळवारच्या, आदल्या दिवशी. ५ मार्चला वॉरन बाहेर पडल्या. म्हणून कुणाला द्यायचं हे ठरलेलं असेल तर यादी जाहीर व्हायची वाट न बघता थेट फॉर्मवर जावं. ठरलेलं नसेल, तेव्हा यादी कामाची.

कुणी देऊ शकतं, यात मराठी घरांत सगळ्यात जास्त घोळ होतो. नागरिक आणि ग्रीन कार्डधारक देऊ शकतात. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, ओपीटी अशा तात्पुरत्या परवान्यांवरचं कुणीही एक डॉलरही देऊ शकत नाही, कर कितीही भरत असलात तरी. प्रचाराचा टी-शर्ट विकत घेणंही देणगीच धरतात, पूर्ण किमतीची. तोही घ्यायचा नाही. पुण्याच्या आत्याने कौतुकाने पाठवलेले पैसे आपल्या कार्डावरून पुढे सरकवणं हा तर दुहेरी गुन्हा: परदेशी पैसा आणि दुसऱ्याच्या नावाने देणगी. एप्रिल २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी नेमक्या याच दोन संशयांवर चौकशी करायला ॲटर्नी जनरलना सांगितलं, आणि आदेशात ॲक्टब्लूचं नाव होतं. तेव्हा फॉर्मवरच्या ‘हे माझेच पैसे’, ‘मी नागरिक किंवा कायम रहिवासी’, ‘हे कंपनीचं कार्ड नाही’ या ओळी डोळे मिटून मान्य करायच्या नाहीत. व्हिसावरच्या माणसाला पगार न घेता फोन करता येतात, दारोदार फिरता येतं. प्रचाराचे निर्णय घेण्यात मात्र भाग घेता येत नाही.

नवरा-बायको दोघंही पात्र असतील तर दोघांची मर्यादा वेगळी, एकालाच पगार असला तरीही. फक्त फॉर्म दोनदा भरायचा, ज्याचा त्याने, ज्याच्या त्याच्या नावाने. आणि घरी ओळखीच्यांना बोलावून बाईंची भेट घडवायची असेल, तर खाण्यापिण्यावर आणि आमंत्रणांवर एका उमेदवारासाठी एका निवडणुकीला माणशी १,००० डॉलरपर्यंतचा खर्च देणगीत मोजत नाहीत. बटाटेवडे आणि चहात तो ओलांडणं अवघड आहे.

राज्याच्या पदांना हे आकडे लागू नाहीत, तिथे त्या राज्याचा कायदा. व्हर्जिनियात तर मर्यादाच नाही. १७ जून २०२५ ला तिथल्या लेफ्टनंट गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत सहा उमेदवार होते, आणि हैदराबादेत जन्मलेल्या गझाला हाश्मी सुमारे २७ टक्के मतांवर निसटत्या फरकाने जिंकल्या. तिथे रनऑफ नाही, पुढे असेल तो जिंकला. अशा लढतीत पैसे लवकर दिलेले बरे.

खासगीपणाबद्दल ॲक्टब्लूला कमी गुण देण्याचं कारण थोडं विचित्र आहे. थेट प्रचाराला चेक दिला तर एकूण २०० डॉलरच्या वर गेल्यावरच तुमचं नाव उमेदवाराच्या तपशीलवार अहवालात येतं. ॲक्टब्लू हा मधला वाहक असल्यामुळे तो प्रत्येक फेडरल देणगी नावानिशी नोंदवतो, अगदी पाच डॉलरचीही. फेडरल इलेक्शन कमिशनच्या साइटवर नाव टाकलं की गाव, मालक कंपनी, हुद्दा, तारीख, रक्कम, सगळं समोर. पक्ष दुभंगलेला असताना मंडळातल्या कुणाला तुम्ही कुणाकडे झुकलात हे कळू नये असं वाटत असेल, तर २०० च्या आतला चेक टपालाने उमेदवाराच्या कमिटीच्या नावाने पाठवा. शुल्कही वाचेल, फक्त चार-पाच दिवस उशीर होईल. नोकरी करत नसाल तर मालकाच्या रकान्यात नवऱ्याची कंपनी लिहू नका. ‘नोकरी नाही’ हा पर्याय तिथेच असतो.

आणि दरमहाची देणगी. प्रायमरीचा निकाल लागला म्हणून ती आपोआप थांबेल असं गृहीत धरू नका. खात्यात जाऊन पुढच्या हप्त्याची तारीख बघायची, बंद करायची, बंद झाल्याचा मेल आला का ते पाहायचं. रनऑफ असेल तर मात्र बंद करायची घाई नको. टेक्सासमध्ये मार्च ते मे हे जवळपास तीन महिने दरमहाचेच पैसे कामी येतात.