लग्नाची डीव्हीडी, मुंजीची व्हीसीडी, हँडीकॅमच्या फाइल: काही महिने हँडब्रेक वापरल्यानंतर

हँडब्रेक हा व्हिडिओ फाइल नव्या प्रकारात बदलणारा, म्हणजे एन्कोड करणारा, प्रोग्राम. तो फुकट आहे, मुक्तस्रोत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. मुंबईतल्या एका घरातला जुन्या चित्रणाचा सगळा साठा त्यातून काढल्यावर मत पक्कं झालंय: घरगुती कामाला याहून चांगलं फुकट साधन नाही. मात्र प्रीसेट, म्हणजे आधीच ठरवलेल्या सेटिंगचा तयार संच, निवडून थेट 'स्टार्ट' दाबू नका. आपल्याकडच्या व्हिडिओचं त्यात नुकसान होतं.

आपलं जुनं चित्रण पाल या टीव्ही पद्धतीचं. सेकंदाला २५ फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेममध्ये दोन फील्ड (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं), म्हणजे हालचालीचे ५० क्षण. अशा चित्राला इंटरलेस्ड म्हणतात. जुना टीव्ही ही फील्ड एकामागून एक दाखवायचा. कॉम्प्युटर दोन्ही एकदम दाखवतो, म्हणून वरातीत नाचणाऱ्यांच्या हातांना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. 'फास्ट १०८०पी३०' हे नेहमीचं प्रीसेट डीकॉम्ब हा फिल्टर लावून रेघा घालवतं, पण ५० क्षणांचे २५ करून टाकतं. नाच, लेझीम, धावणारी मुलं, सगळ्यांतली सहजता जाते.

उपाय दोन ठिकाणी करायचा. फिल्टर्समध्ये डीइंटरलेस 'याडिफ' आणि त्याचं प्रीसेट 'बॉब', म्हणजे प्रत्येक फील्डची वेगळी फ्रेम होते. मग व्हिडिओ टॅबमध्ये फ्रेमरेट ५०, 'कॉन्स्टंट'. दुसरी पायरी राहिली की प्रीसेटची ३० ची मर्यादा लागू होते, ५० मधल्या ३० फ्रेमच उरतात आणि कॅमेरा फिरला की चित्र अडखळतं. बहुतेकांची तक्रार असते ती इथलीच. व्हीसीडीला मात्र यातलं काही नको. ती एमपेग-१, ३५२ × २८८, मुळातच इंटरलेस्ड नाही. तिथे डीइंटरलेस बंद ठेवा आणि चित्र मोठंही करू नका. फाइल फुगते, तपशील वाढत नाही.

बाकी सेटिंग थोडक्यात. एमपीफोर, एच.२६४ एन्कोडर, ८ बिट. १० बिटचा पर्याय दिसतो, पण तो बऱ्याच टीव्हींवर आणि जुन्या लॅपटॉपवर चालत नाही. आवाज एएसी स्टिरिओ, १६० केबीपीएस. डीव्हीडीचा एसी३ (डॉल्बी) प्रकारचा आवाज तसाच पुढे पाठवला तर ब्राउझरमध्ये चित्र येतं, आवाज येत नाही. क्वालिटी 'आरएफ' या दर्जाच्या आकड्यावर: डीव्हीडीला २०, हँडीकॅमच्या १०८० फाइलला २२. आकडा जितका लहान तितका दर्जा वरचा आणि फाइल मोठी. एच.२६५ने जागा वाचते हे खरं, पण विंडोजवर त्यासाठी बऱ्याचदा वेगळं एक्स्टेन्शन विकत घ्यावं लागतं. गावी काकांच्या कॉम्प्युटरवरही चाललं पाहिजे असं वाटत असेल तर एच.२६४च.

डीव्हीडी उघडताना त्यातली एकेक व्हीओबी (व्हिडिओची) फाइल देऊ नका. चित्रण १ जीबीच्या तुकड्यांत असतं, त्यामुळे विधी मध्येच तुटतो. पूर्ण व्हिडिओ_टीएस फोल्डर द्या. तोही आधी हार्ड डिस्कवर कॉपी करून. मुंबईच्या दमट हवेत राहिलेल्या डिस्क वाचताना ड्राइव्ह अडतो, आणि मग एन्कोडिंग बिघडलं की डिस्क, हे कळत नाही. डिस्क मधून बाहेर, सरळ रेषेत, मऊ कपड्याने पुसा. लॅमिंग्टन रोडवर यूएसबीचे डीव्हीडी ड्राइव्ह मिळतात. एका ड्राइव्हवर न वाचलेली डिस्क दुसऱ्यावर वाचली जाते, हे अनेकदा खरं ठरतं.

हँडब्रेकचं खरं वैगुण्य हे की तो फाइल जोडत नाही. हँडीकॅम लांब चित्रण २ किंवा ४ जीबीला तोडून अनेक एमटीएस (हँडीकॅमच्या प्रकारच्या) फाइल करतो. त्या वेगवेगळ्या रूपांतरित करून नंतर जोडल्या तर सांध्यावर आवाज तुटतो. आधी विंडोजच्या कॉपी कमांडने, बायनरी पर्याय लावून, क्रमाने जोडा, मग हँडब्रेकमध्ये घाला. दुसरं असं की व्हिडिओ तो प्रत्येक वेळी नव्याने एन्कोड करतो. एमकेव्ही प्रकारच्या फाइलमध्ये आधीच एच.२६४ आणि एएसी असेल तर एफएफएमपेग या फुकट प्रोग्रामने फक्त कॉपी करून एमपीफोरमध्ये घाला. मिनिटभराचं काम, दर्जा जसाच्या तसा.

कॅसेटसाठी हा प्रोग्राम नाहीच. तो रेकॉर्डिंग करत नाही. दादर-गिरगावातल्या स्टुडिओकडून कॅसेट भरून घेणार असाल तर स्पष्ट सांगा: ७२० × ५७६, २५ फ्रेम, इंटरलेस्ड, पेन ड्राइव्हवर, ताणून १९२० × १०८० करू नका. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती साफ झाल्याशिवाय व्हीसीआरमध्ये घालू देऊ नका, हेड खराब होतं आणि बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. व्हीएचएसच्या चित्रात तळाला काही ओळी थरथरतात. त्या हाताने क्रॉप करा, म्हणजे कापून टाका, ऑटोमॅटिकवर सोडू नका.

तयार फाइल व्हीएलसी या प्लेअरमध्ये चालली म्हणजे झालं असं नाही, व्हीएलसी जवळजवळ सगळंच चालवतो. विंडोजच्या स्वतःच्या प्लेअरमध्ये आणि एका ब्राउझरमध्ये लावा, आणि शेवटची पाच मिनिटं पाहा. ओठ आणि आवाज निसटला असेल तर तिथे दिसतो. मूळ फोल्डर पुसू नका. एका थराची डीव्हीडी फार तर ४.७ जीबीची, १ टीबीच्या डिस्कवर अशा दोनशे मावतात.