टचपॅड बंद पडलंय: घरची खटपट, गावातलं दुकान, सर्व्हिस सेंटर की सरळ माउस?

टचपॅड रुसलं की पहिला सल्ला ठरलेला: तीन-चारशेचा माउस घ्या न् विसरून जा. सल्ला वाईट नाही. पण एका बिघाडात तो घातक ठरतो, आणि बऱ्याच वेळा माउसचीही गरज नसते. म्हणून कारण आधी, खर्च नंतर.

सगळ्यात आधी लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेवा. खालचं झाकण मधे फुगलंय का? लॅपटॉप टेबलावर डुलतोय का? टचपॅडची एक कड वर आलीय का, दाबल्यावर टक् असा आवाज येणं थांबलंय का? यातलं काही असेल तर दोष पॅडचा नसून बॅटरीचा असण्याची शक्यता मोठी. बहुतेक लॅपटॉपांत बॅटरी पॅडच्या खाली किंवा शेजारीच असते. आतल्या पेशींत वायू धरला की ती फुगते आणि पॅडला खालून ढकलते. बॅटरी कायम चार्जरवर राहिली आणि वर एप्रिल-मेचं पत्र्याखालचं ऊन असलं की हे लवकर होतं. इथे माउस लावून काम चालू ठेवणं म्हणजे आगीशी खेळ. चार्जिंग ताबडतोब थांबवा, पॅड दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, टोकदार वस्तू जवळ नेऊ नका, आणि बॅटरी बदलून घ्या. बॅटरी निघाली की पॅड पुष्कळदा आपोआप जागेवर येतं, वेगळी दुरुस्ती लागतच नाही. जुनी बॅटरी घंटागाडीत टाकायची नाही. दुकानदाराकडे ई-कचऱ्यासाठी द्या.

दुसरी तपासणी आपल्याकडे हमखास करावी अशी. चार्जर लावला की बाण थरथरतो, उड्या मारतो, आपोआप क्लिक होतो आणि चार्जर काढला की शहाण्यासारखा वागतो? मग पॅड बहुधा चांगलं आहे, घराचं अर्थिंग गेलंय. अर्थिंग नसलं की चार्जरमधून विजेची अगदी बारीक गळती लॅपटॉपच्या अंगावर राहते. धातूच्या बॉडीवर हात फिरवला तर मुंग्या येतात त्या त्याच. पॅड बोटाच्या विद्युतभारावर चालतं, त्यामुळे ते गोंधळतं. तीन पिनचा चार्जर दोन पिनच्या अडॅप्टरवर चढवला असेल तर तो आधी काढा. सॉकेट तीन पिनचंच असेल, तर उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या अर्थिंगच्या कोळसा-मिठाच्या खड्ड्यात दोन-चार बादल्या पाणी ओता आणि फरक बघा. तरी जमलं नाही तर वायरमनला बोलवा. लॅपटॉप दुरुस्तीला नेऊन हा दोष बहुधा सुटणार नाही, कारण दुकानात अर्थिंग नीट असेल तर तिथे पॅड चांगलंच चालतं.

हे दोन्ही नसेल तर घरची पंधरा मिनिटं. कीबोर्डच्या वरच्या ओळीत पॅडचं चित्र असलेलं बटण शोधा आणि ते एकटं, मग एफएन (Fn) बटण धरून दाबा. चुकून दाबलं गेलेलं हे बटणच पुष्कळदा गुन्हेगार निघतं. मग विंडोजचं बटण दाबून इंग्रजीत टचपॅड टाइप करा, एंटर मारा. टॅबने चालू-बंदच्या खिटीपर्यंत जा आणि स्पेसने ती चालू करा. तिथेच माउस जोडलेला असताना पॅड चालू ठेवायची खूण असते. ती काढलेली असेल आणि वायरलेस माउसचं बोटभर यूएसबी रिसीव्हर खोचलेलंच राहिलं असेल, तर माउस बॅगेत असला तरी पॅड बंदच राहतं. पुढची पायरी खऱ्या रीस्टार्टची. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावर लॅपटॉप पुरता बंद होत नाही, म्हणून रीस्टार्टच करा. त्यानेही नाही झालं तर बंद करून चार्जर काढा, पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा, आणि मग चालू करा.

विंडोज नवीन टाकून आणल्यावर पॅड गेलं असेल तर पैसे मोजू नका. विंडोज व एक्स, मग एम दाबून डिव्हाइस मॅनेजर उघडा. ‘आय-टू-सी एचआयडी डिव्हाइस’पुढे पिवळा त्रिकोण असेल, किंवा ती ओळच नसेल, तर बहुधा चिपसेटचा (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपचा) किंवा इंटेलच्या मशीनवर ‘सिरीअल आयओ’ हा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला तो भाग चालवायला शिकवणारं सॉफ्टवेअर, टाकायचा राहिलाय. कंपनीच्या साइटवरून नेमक्या मॉडेल नंबरचाच घ्या. ज्या दुकानाने विंडोज टाकलं त्यानेच हे फुकट करून द्यायला हवं. एसरच्या काही मॉडेलांत बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) टचपॅड ‘ॲडव्हान्स्ड’वरून ‘बेसिक’ करता येतं. बाण हलायला लागतो, पण दोन बोटांची हालचाल जाते. तात्पुरती सोय म्हणून ठीक.

आता शेवटची कसोटी, जी घर की दुकान याचा निकाल लावते. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर उबंटू (विंडोजऐवजी चालणारी फुकटची प्रणाली) घेऊन, इन्स्टॉल न करता, त्यावरून लॅपटॉप चालू करा. तिथे बोटाने बाण फिरतोय तर हार्डवेअर शाबूत आहे, दोष विंडोजचा. तिथेही मेलेलंच असेल तर बहुतेक झाकण उघडावं लागणार. बाण फिरतो पण क्लिक होत नाही, आणि बॅटरी फुगलेली नाही, तर सेटिंगमध्ये बोटाच्या टिचकीने क्लिक चालू करा. खर्च शून्य.

दुकान की सर्व्हिस सेंटर? वॉरंटी शिल्लक असेल तर विचारच नको, सर्व्हिस सेंटर. फक्त चहा-पाणी सांडल्याचा किंवा पडल्याचा दोष वॉरंटीत बसत नाही. किनवटहून नांदेडला जायचं म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर प्रवास, म्हणून निघायच्या आधी लॅपटॉपच्या तळाचा सिरीअल नंबर घेऊन टोल-फ्री नंबरवर फोन करा. काही योजनांत इंजिनिअर घरी येतो. तो तुमच्या पिनकोडला येतो का, तेही विचारा. डेटाची प्रत आधी काढून ठेवा.

वॉरंटी संपली असेल तर संभाजीनगर, लातूर, नांदेडमधलं चांगलं दुकान बहुधा फायद्याचं. पुष्कळदा पॅडपासून मदरबोर्डपर्यंतची चपटी रिबन केबल ढिली झालेली असते, आणि ती काढून परत बसवायला अर्धा तास पुरतो. बॅटरीचा कनेक्टर आधी काढायचा, मग केबलवरची बारीक खिटी नखाने उचलायची. इथेच घोळ होतो: काही कनेक्टरांत खिटी वर उचलली जाते, काहींत बाहेर सरकते. उलटी ओढली की तुटते, आणि कनेक्टर मदरबोर्डवर झाळलेला असल्याने पन्नास रुपयांचं काम मोठं होतं. म्हणून घरी पहिलाच प्रयोग करू नका. पॅडच बदलायचं ठरलं तर दोन गोष्टी विचारा: पार्ट नंबर तोच आहे का, आणि पॅड सुटं मिळतं की पामरेस्टसकट (कीबोर्डखालच्या, मनगट टेकायच्या पाटीसकट). पामरेस्टसकट असेल तर किंमत बरीच वाढते. जुन्या लॅपटॉपमधून काढलेलं पॅड चालतं, पण बिलावर महिन्या-दोन महिन्यांची हमी लिहून घ्या.

लॅपटॉप सहा-सात वर्षांचा, बॅटरी ठीक, आणि पॅड पामरेस्टसकटच मिळतंय? मग माउसच घ्या. वायरचा माउस साधारण तीनशे ते पाचशेत येतो, सेल लागत नाहीत आणि अर्जाच्या शेवटच्या दिवशी दगा देत नाही. वायरलेस हॉस्टेलवर, पलंगावर सोयीचा, पण एक जादा सेल दप्तरात हवा. बसमध्ये किंवा मांडीवर काम असेल तर दोन्ही गैरसोयीचे, तिथे पॅडच्या दुरुस्तीचे पैसे वाया जात नाहीत.