अल्पवयीन मुलीच्या एकट्या परदेशप्रवासाची कागदपत्रे : पुण्यातील एका मध्यस्थ सेवेचा अनुभव

माझी मुलगी २०२४ च्या उन्हाळी सुट्टीत, वयाच्या तेराव्या वर्षी, इंग्लंडमधील रेडिंग येथे नातेवाइकांकडे एकटी जाऊन आली. त्यासाठी ब्रिटनचा भेटीचा व्हिसा, आम्हा पती-पत्नीचे लेखी संमतिपत्र आणि एकट्या मुलांसाठी असलेली विमान कंपनीची सोबत-सेवा अशा तीन गोष्टी जुळवाव्या लागल्या, आणि त्यांपैकी पहिल्या दोन गोष्टींसाठी आम्ही पुण्यातील एका मध्यस्थ सेवेकडे गेलो. तिचे नाव मी देत नाही, कारण तिथे जे घडले ते या व्यवसायातील कोणत्याही कार्यालयात घडू शकते, असे नंतरच्या चौकशीतून माझे मत झाले आहे.

व्हिसाचे शुल्क, जे त्या वेळी ११५ पौंड होते, ते वगळून या सेवेने एकूण साडेसात हजार रुपये सांगितले. त्यात अर्ज भरणे, बोटांचे ठसे देण्याची वेळ ठरवणे, संमतिपत्राचा मसुदा शंभर रुपयांच्या मुद्रांकावर तयार करून नोटरी करून घेणे, आणि शेवटी त्यावर अपॉस्टिल, म्हणजे परदेशात ग्राह्य धरले जाणारे सरकारी प्रमाणन, मिळवणे, इतकी कामे होती. एकट्या अपॉस्टिलचे बत्तीसशे रुपये धरलेले होते. भारत २००५ पासून अपॉस्टिल करारात आहे, आणि परराष्ट्र मंत्रालयाचे त्यासाठीचे मूळ शुल्क एका कागदामागे अवघे ५० रुपये आहे. त्याआधी राज्य शासनाचे साक्षांकन लागते आणि हेलपाटेही होतात, हे खरे. पण ब्रिटनचा व्हिसा देणारे अधिकारी पालकांकडून केवळ लेखी संमती मागतात, तिच्यावर अपॉस्टिल असावे अशी त्यांची अटच नाही. शिवाय कागदावरील सही आणि शिक्का खरा आहे, एवढीच ग्वाही अपॉस्टिल देते. मजकुरात काय लिहिले आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नसते, आणि आमचे घोडे नेमके मजकुरातच अडले.

आमची मुलगी जिच्याकडे जाणार होती ती माझ्या पत्नीची मावसबहीण. मुलगी तिला अर्थातच मावशी म्हणते. कार्यालयातील तरुणाने ‘नाते काय?’ असे विचारले, पत्नीने ‘मावशी’ असे उत्तर दिले, आणि त्याने मसुद्यात सरळ ‘मॅटर्नल आँट’ असे लिहून टाकले. मराठी घरात यात काही चुकले असे कोणी म्हणणार नाही, कारण आपल्याकडे आईची सख्खी बहीणही मावशी आणि चुलत, मामे, आते, मावस बहीणही मावशीच. ब्रिटनच्या १९८९ च्या बालकांविषयीच्या कायद्यात मात्र जवळच्या नातेवाइकांची यादी ठरलेली आहे. तिच्यात आजी-आजोबा, भावंडे, सावत्र आई-वडील आणि आई-वडिलांची भावंडे येतात. आईची मावसबहीण येत नाही. सोळा वर्षांखालील मूल अशा यादीबाहेरच्या व्यक्तीच्या घरी २८ दिवस किंवा त्याहून अधिक राहणार असेल, तर तिथे ती खासगी संगोपनाची व्यवस्था समजली जाते आणि स्थानिक कौन्सिलला किमान सहा आठवडे आधी तसे कळवावे लागते. आमच्या मुलीचा मुक्काम ३८ दिवसांचा ठरला होता आणि निघायला जेमतेम पाच आठवडे उरले होते.

ही गोष्ट सेवेच्या लक्षात आली नाही. मसुदा वाचायला पाठवला तेव्हा ती मेहुणीनेच, तिकडच्या शाळेत नोकरी करत असल्यामुळे, दाखवून दिली. मी कार्यालयात जाऊन हे सांगितले, तेव्हा ‘सर, इतके कोणी बघत नाही, आँटच राहू द्या’ असा सल्ला मिळाला. तो ऐकून मला खरा धक्का बसला. ज्या कागदावर आम्ही दोघे सत्य म्हणून सही करणार, त्यात नाते खोटे लिहायचे, आणि उद्या विमानतळावर तेरा वर्षांच्या मुलीला अधिकाऱ्याने ‘ही तुझ्या आईची कोण?’ असे विचारले तर तिनेही तेच खोटे बोलायचे, हे आम्हाला मान्य नव्हते. आम्ही नाते ‘आईची मावसबहीण’ असे स्पष्ट लिहायला लावले आणि मुक्काम २५ दिवसांवर आणला. मुलगी आठवडाभर रुसली होती, पण त्याला इलाज नव्हता.

दुसरा वाद सहीवरून झाला. मसुद्याखाली फक्त वडिलांच्या सहीची जागा होती, आणि ‘मॅडमची सही नसली तरी चालते’ असे आम्हाला सांगण्यात आले. नैसर्गिक पालक म्हणून आईचे स्थान सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन खटल्यात १९९९ मध्येच मान्य केले आहे. योगायोगाने आमच्या प्रवासाच्याच वर्षी, मार्च २०२४ मध्ये, १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत त्यांच्या नावापुढे आईचे नाव लावण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला होता. कायदा बाजूला ठेवला तरी, दोन्ही पालक हयात आणि एकत्र राहत असताना एकाचीच सही पाहून परदेशी अधिकाऱ्याच्या मनात शंका येणार नाही का? नोटरीसाठीही ‘तुम्ही येऊ नका, आम्ही शिक्का मारून आणतो’ अशी तयारी दाखवण्यात आली. आम्ही दोघेही गेलो आणि नोटरीसमोरच सह्या केल्या.

तिसरी गोष्ट व्हिसावरील नोंदीची आहे आणि ती फार थोड्या पालकांना ठाऊक असते. ब्रिटनच्या व्हिसाचा अर्ज करताना मूल कोणाबरोबर येणार की एकटे, हे सांगावे लागते. सोबतीच्या व्यक्तीचे नाव दिले, तर त्या व्यक्तीचा उल्लेख व्हिसावर येतो आणि तिच्याशिवाय गेलेल्या मुलाला प्रवेश नाकारला जाऊ शकतो. त्याच विमानाने आमच्या ओळखीचे एक गृहस्थ जाणार होते, म्हणून सेवेने त्यांचे नाव सोबती म्हणून सुचवले. वरवर पाहता ते सोयीचे होते. पण त्यांची रजा रद्द झाली असती तर व्हिसा हातात असूनही मुलगी घरीच बसली असती, म्हणून आम्ही ‘एकटी’ हाच पर्याय निवडला.

चांगल्या गोष्टी सांगितल्या नाहीत तर अन्याय होईल. जन्मदाखल्यावर पत्नीचे माहेरचे नाव आहे आणि पासपोर्टवर सासरचे, ही तफावत सेवेतील एका ज्येष्ठ बाईंनी पहिल्याच दिवशी हेरली आणि विवाह नोंदणीचा दाखला सोबत जोडायला सांगितला. अर्जात एकही चूक नव्हती. ठसे देताना सोळा वर्षांखालील मुलाबरोबर पालक किंवा जबाबदार प्रौढ व्यक्ती हजर असावी लागते, हे त्यांनी आठवणीने सांगितले आणि शाळा बुडू नये अशी वेळही मिळवून दिली. सुमारे तीन आठवड्यांत व्हिसा आला.

संमतिपत्र अखेर आम्हीच पुन्हा लिहिले. मुलीचा आणि आम्हा दोघांचा पासपोर्ट क्रमांक, पत्ते व दूरध्वनी, जाण्या-येण्याच्या तारखा, मुंबईला कोण सोडणार आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळावर कोण घेणार, मुक्कामाचा पत्ता, यजमानांशी असलेले नाते, खर्च कोणाचा, आणि गरज पडल्यास वैद्यकीय उपचारांना संमती, एवढा मजकूर एका पानात मावला. विमान कंपनीच्या सोबत-सेवेच्या अर्जातही सोडणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव द्यावे लागते. ते आणि संमतिपत्रातील नाव अक्षरशः सारखे असेल, याची आम्ही काळजी घेतली. मुंबईच्या इमिग्रेशनमध्ये हे पत्र कोणी मागितले नाही. हीथ्रोला मात्र अधिकाऱ्याने ते पूर्ण वाचले, बाहेर कोण आले आहे हे मुलीला विचारले, आणि तिने नाव व नाते सांगितल्यावर तिला जाऊ दिले. मेहुणीचे ओळखपत्र पाहून आणि तिची सही घेऊनच कर्मचाऱ्याने मुलीला तिच्या हवाली केले.

अर्ज भरणे आणि वेळ ठरवणे यासाठी ही सेवा मी पुन्हा घेईन. त्या कामाचे अडीच-तीन हजार रुपये मला वावगे वाटत नाहीत. संमतिपत्राचा मसुदा मात्र त्यांच्याकडून करून घेणार नाही. नोटरी स्वतः जाऊन केली तर कमी खर्चात होते, फक्त आता ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शंभराच्या मुद्रांकाऐवजी पाचशेचा लागू झाला आहे, हे हिशेबात धरावे. अपॉस्टिल आम्ही करू दिले नाही. त्याचे बत्तीसशे रुपये परत मागितले, तेव्हा ‘फाइल पुढे गेली आहे’ असे उत्तर मिळाले; ती कुठे गेली हे दोनदा लेखी विचारल्यावर दोन हजार रुपये खात्यात जमा झाले. उरलेल्या बाराशेचा तपशील मला अद्याप मिळालेला नाही.