पापणीची गाठ 'विरघळवणारे' ड्रॉप्स मी घेतले होते, म्हणून सांगते

खरं तर लाज वाटते म्हणून इतके दिवस कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही अर्धंमुर्धंच सांगितलं होतं. पण गेल्या आठवड्यात फोनवर एक जाहिरात दिसली आणि डोकंच फिरलं, तेव्हा आता सगळं लिहूनच टाकते.

डाव्या डोळ्याच्या वरच्या पापणीत गाठ आली होती. आधी टाचणीच्या डोक्याएवढी, तोंड धुताना बोटाला लागायची तेवढंच. दुखत नव्हती, पाणी येत नव्हतं, म्हणून सोडून दिलं. महिन्याभरात ती चांगली मण्याएवढी झाली आणि पापणी एका जागी फुगलेली दिसायला लागली, मग जो तो विचारणार "काय गं, रांजणवाडी झालीय का?" आणि मी पण हो म्हणून मोकळी होणार.

ती रांजणवाडी नव्हतीच. हा फरक तेव्हा माहीत असता तर पुढचं रामायण झालंच नसतं, म्हणून इथे जरा थांबते. रांजणवाडी म्हणजे जंतूंचं काम, बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस नावाचे जंतू, केसाच्या मुळाशी होते, ठणकते, हात लावू देत नाही, पिवळं तोंड धरते आणि साधारण आठवडाभरात फुटून बसते. माझं होतं ते कॅलेझिऑन. आपल्या पापणीच्या आत तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, उभ्या, एकीला लागून एक, वरच्या पापणीत २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३०. मायबोमियन ग्रंथी म्हणतात त्यांना, १६६६ साली मायबोम नावाच्या जर्मन डॉक्टरने त्यांचं वर्णन केलं म्हणून. त्यातून येणारं तेल डोळ्यातल्या पाण्यावर पसरतं आणि ते पाणी लगेच सुकत नाही. एखाद्या ग्रंथीचं तोंड बुजलं की तेल आतच साचून घट्ट होतं, शरीर त्याच्याभोवती सूज धरतं आणि गाठ होते. आत पू नाही, सहसा जंतू पण नाहीत. कॅलेझिऑन हा शब्द म्हणे ग्रीक भाषेतल्या गारेवरून आलाय, पावसात पडते ती गार. हात लावून बघा, अगदी तसंच लागतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, यातल्या बऱ्याच गाठी नीट शेक दिला की आपोआप जातात, फक्त काही आठवडे ते काही महिने घेतात. या 'आपोआप'वरच ते ड्रॉप्स विकणाऱ्या माणसाचा धंदा चालतो हे मला फार उशिरा कळलं.

तर झालं असं. रात्री पडल्या पडल्या फोनवर "पापणीवरची गाठ" एवढंच सर्च केलं, आणि दुसऱ्या दिवसापासून जाहिरातींचा पाऊस. त्यातली एक, 'ऑपरेशनशिवाय पापणीची गाठ विरघळवा, १००% हर्बल ड्रॉप्स', खाली आधीचे-नंतरचे फोटो ओळीने. फोटो झूम करून करून बघितले हो मी. एकात पापणीच्या काठावर लालभडक फोड, वर पिवळा ठिपका, आणि शेजारच्या फोटोत पापणी साफ. आज तो फोटो बघितला तर एका सेकंदात कळतं की ही साधी रांजणवाडी आहे, ती फुटून आठवड्यात अशीही बरी झाली असती. पण तेव्हा मला वाटलं, एवढी भयानक गाठ गेली तर माझी का नाही जाणार?

नंबर टाकला आणि दहा मिनिटांत फोन. "ताई, मी डॉक्टर बोलतोय." कसले डॉक्टर, कुठे शिकले, काही नाही. व्हिडिओ कॉलवर म्हणाला डोळा कॅमेऱ्याजवळ आणा, आणला, पाच सेकंद बघितलं आणि म्हणाला, "अरे बापरे, ताई, उशीर केलात." इथेच मी गार. मग सुरू झालं, ही गाठ आत मुळं धरते, बुबुळापर्यंत पसरते, डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलात तर ते सरळ कापतील, टाके पडतील, पापणी कायमची वाकडी होईल. मला डायबेटिस आहे का, ही गाठ पहिल्यांदा आली की आधी त्याच जागी येऊन गेली होती, नजर धूसर होते का, यातला एक प्रश्न त्याने विचारला नाही. शेक देता का हे मात्र विचारलं, आणि मी हो म्हटल्यावर "लगेच बंद करा, उष्णतेने गाठ पसरते" असं सांगितलं. म्हणजे जो एकमेव साधा उपाय होता तोच पहिल्या कॉलमध्ये बंद करून टाकला. हुशारी बघा.

पैसे आधी घेतले, पूर्ण कोर्सचे. पार्सल आलं, छोटी पांढरी बाटली, वर हिरव्या पानाचं चित्र आणि 'नेत्र' असं काहीतरी लांबलचक नाव. घटक लिहिलेले नाहीत, बॅच नंबर नाही, एक्सपायरी नाही, कुणी बनवलं तेही नाही. झाकणाला सील नव्हतं, नुसतंच फिरवलं की उघडलं. डोळ्यात घालायची वस्तू निर्जंतुकच असायला लागते आणि चांगल्या कंपनीची बाटलीसुद्धा उघडली की साधारण चार आठवड्यांत टाकून द्यायची असते, हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. पण पैसे भरलेले असले की माणूस बाटलीवर काय लिहिलंय ते वाचत नाही, काय लिहिलेलं हवंय ते वाचतो.

पहिल्या चार दिवसांत लाली गेली! खरंच गेली. गाठ पण थोडी बसल्यासारखी वाटली. बाराव्या दिवशी मी त्याला स्वतःहून फोटो पाठवला, "खूप फरक आहे, धन्यवाद" असं लिहून. हे लिहिताना आत्ता हात अडखळतोय.

मग बाटली संपली आणि दुसरी यायला वेळ लागला. चार-पाच दिवस औषध नाही, तर पापणी पुन्हा सुजली, आधीपेक्षा लाल. त्याला कळवलं तर म्हणतो कसा, "बघितलं ना ताई, औषध थांबवलं की गाठ डोकं वर काढते, आता तुम्हाला स्ट्राँग कोर्स लागेल." परत पैसे. नंतर संध्याकाळी त्या डोळ्याने अक्षरं दुहेरी-पुसट दिसायला लागली, दिव्याभोवती वलय दिसायला लागलं, त्याला विचारलं तर "विष बाहेर पडतंय, घाबरू नका." आणि कहर म्हणजे आमच्या सासूबाईंच्या नाकाजवळ पापणीवर पिवळट चपटे डाग आहेत, त्या म्हणाल्या मला पण विचार, तर त्यावर पण तीच बाटली! "आईंना दोन-दोन थेंब सुरू करा." आईंनी तीन दिवस घातले आणि चरचरतंय म्हणून बाजूला ठेवले, त्यांची कटकट त्या दिवशी मला नको झाली होती, आता वाटतं देवच पावला.

सहाव्या आठवड्यात मेसेज केला की मला फरक नाहीये, पैसे परत द्या. उत्तर आलं, कोर्स पूर्ण केला नाही म्हणून गॅरंटी रद्द. मी म्हटलं पूर्ण केलाय, तर म्हणे मध्ये पाच दिवस खंड पडला होता तुमचा. तो खंड त्याच्याच पार्सलमुळे पडला होता! त्यानंतर फोन उचलणं बंद.

शेवटी नवऱ्याने धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर मॅडमनी पहिलं काय केलं, तर कापसाच्या काडीवर माझी पापणी उलटी केली. सहा आठवड्यांत पहिल्यांदा कुणीतरी पापणी आतून बघितली. आतल्या बाजूला त्या जागी राखाडी-लालसर डाग दिसतो, त्यावरून त्यांना लगेच कळलं. मग पापण्यांचे काठ बघितले, केस झडलेत का ते बघितलं, डोळ्यांचं प्रेशर मोजलं. मोजलं आणि गप्प झाल्या. परत मोजलं. डाव्या डोळ्याचं २९. साधारण १० ते २१ असायला हवं, आणि वर्षापूर्वी चष्म्याचा नंबर काढताना माझं १५ होतं, तो कागद घरात होता म्हणून बरं. "कुठले ड्रॉप्स घालताय?" मी बाटली काढून दिली, त्यांनी ती हातात फिरवून बघितली आणि म्हणाल्या, "यावर स्टिरॉइड लिहिलेलं नाही, पण तुमचा डोळा सांगतोय की आत स्टिरॉइड आहे."

मग त्यांनी समजावलं ते असं. स्टिरॉइडने कुठलीही सूज पटकन बसते, म्हणून चार दिवसांत लाली गेली. आतलं घट्ट तेल तिथेच होतं, म्हणून थेंब थांबवल्यावर सूज उसळून परत आली. स्टिरॉइड वाईट नसतं, अशा गाठीत डॉक्टर कधीकधी त्याचं इंजेक्शनसुद्धा देतात, पण किती आणि किती दिवस हे बघून, प्रेशर मोजत मोजत. काही लोकांचं प्रेशर या थेंबांनी काही आठवड्यांतच चढतं, कळत नाही, दुखत नाही, आणि तसंच चालू ठेवलं तर काचबिंदू होऊन नजर जाते आणि ती परत येत नाही. बराच काळ घातले तर मोतीबिंदू पण होतो. आणि पुसट दिसणं? विषबिष काही नाही, मोठी झालेली गाठ बुबुळावर दाब देत होती आणि त्याचा आकार किंचित बदलून सिलिंडरचा नंबर आला होता.

सासूबाईंचं पण विचारलं. ते पिवळे डाग म्हणजे कातडीखाली साठलेली चरबी, त्याला थेंब घालून काही होत नाही, त्यापेक्षा त्यांचं कोलेस्टेरॉल तपासा म्हणाल्या. तपासलं, वाढलेलं निघालं. म्हणजे एका बाटलीत रांजणवाडी, कॅलेझिऑन आणि कोलेस्टेरॉल, तिन्ही बरे होणार होते.

आधी ते थेंब बंद आणि प्रेशर उतरवायचं औषध सुरू. तीन आठवड्यांनी १६ आलं, तोपर्यंत मला झोप नव्हती. सोबत शेक, आणि शेक कसा द्यायचा हे पण मी आयुष्यात पहिल्यांदा शिकले. मी आधी काय करायचे, गरम पाण्यात रुमाल बुडवून डोळ्यावर ठेवायचे, तो दोन मिनिटांत गार व्हायचा आणि मी उठायचे. तसं नाही, दहा मिनिटं तरी सलग ऊब लागायला हवी, रुमाल परत परत गरम करायचा (भाजेल इतका नाही, मनगटाला सोसेल इतका), दिवसातून तीन-चार वेळा, आणि लगेच स्वच्छ बोटाने पापणीच्या केसांच्या दिशेने हलका मसाज, वरच्या पापणीला वरून खाली, खालच्या पापणीला खालून वर. तेल वितळलं पाहिजे आणि वितळलेलं असतानाच बाहेर आलं पाहिजे. पिळायचं, टोचायचं अजिबात नाही. पापण्यांच्या काठाला कोंडा असतो तो माझ्याकडे होता, मला माहीतच नव्हतं, ग्रंथींची तोंडं बुजण्याचं ते एक मोठं कारण, म्हणून रोज काठ पुसायला सांगितले. मेकअप न काढता झोपणं पण बंद.

गाठ अर्धी झाली पण जुनी होती, उरलेली हलेना. मग ती काढली. ज्या 'कापण्या'ला घाबरून मी हे सगळं केलं ते पंधरा-वीस मिनिटांचं काम निघालं. बधिर करायचं इंजेक्शन पापणीत देतात ते चांगलंच लागतं, खोटं कशाला सांगू. त्यानंतर एक गोल चिमटा लावून पापणी उलटी करतात, आतल्या बाजूने चीर देतात, त्यामुळे बाहेर काही दिसत नाही, टाकाही नाही. बारक्या चमच्यासारख्या हत्याराने आतलं खरवडून काढलं. मॅडमनी गॉजवर दाखवलं, राखाडी-पिवळा, जेलीसारखा चिकट गोळा, नखावर मावेल एवढा. त्याच्यासाठी एवढं! डोळ्यावर काही तास पट्टी, आठवडाभर मलम, दोन दिवस पापणी काळीनिळी. संपलं. पुसट दिसणं पण गेलं.

निघताना मॅडम म्हणाल्या ते सांगायलाच हवं. उतारवयात एकाच जागी गाठ परत परत आली, किंवा त्या जागचे केस झडायला लागले, तर ती तपासायला पाठवायलाच लागते, कारण पापणीच्या तेलग्रंथीचा कॅन्सर क्वचित असतो पण हुबेहूब अशाच गाठीचं सोंग घेऊन येतो. आणि पूर्ण पापणी सुजून ताप आला, डोळा फिरवताना दुखलं, एकाचे दोन दिसले किंवा नजर कमी झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, उद्या नाही. तिथे सहा आठवडे कुणाच्या 'कोर्स'मध्ये घालवले असते तर काय झालं असतं याचा विचार मी करत नाही.

आता ती जाहिरात. गेल्या आठवड्यात परत तेच ड्रॉप्स, नवं नाव, नवी बाटली, फोटो मात्र आणखी वाढलेले. सहज बघितलं तर 'नंतर'च्या एका फोटोत डावा डोळा, भुवईच्या मधोमध जुन्या खोकेची केस नसलेली रेघ. लहानपणी पडले होते त्याची खूण आहे ती. माझाच डोळा! बाराव्या दिवशी पाठवलेला फोटो, आणि शेजारी 'आधी' म्हणून भलत्याच कुणाचीतरी पिकलेली रांजणवाडी. जाहिरात रिपोर्ट केलीय, तक्रारही टाकलीय, अजून ती दिसतेय. तुम्हाला भुवईत रेघ असलेला तो डोळा कुठे दिसला तर तो माझा आहे, आणि त्या फोटोच्या वेळी गाठ पापणीत होती तिथेच होती.